लेक डॉक्टर झाली, आता शाखा कोणती?

बांधावरून

वळवाचा पहिला पाऊस होऊन गेला होता. शिरोळ तालुक्यातल्या एका गावात हुमणीच्या भुंगेऱ्यांसाठी बैठक लावली होती. अंधार पडताच कडुनिंबाच्या झाडाजवळ दिवा लावला, खाली घमेल्यात रॉकेल घातलेले पाणी ठेवले आणि भुंगेरे कसे गोळा करायचे ते मंडळींना दाखविले. बैठक आटोपली, चहा झाला. एक ओळखीचे बागायतदार तेवढे मागे राहिले. त्यांना आपण आप्पा म्हणू.

"सायेब, हुमणीचं झालं. आता जरा घरचं ईचारायचं हाय."

"विचारा की, आप्पा."

"आमची थोरली डॉक्टर झाली. सरकारी कॉलेजात एम.बी.बी.एस. केलं, वरसाची इंटर्नशिप बी संपली. आता फुडच्या शिक्षणाची परीक्षा देणार हाय. पावणं म्हणत्यात, कातडीचा डॉक्टर कर, न्हाईतर एक्सरे-सोनोग्राफीचा. रातचं उठायला लागत न्हाई आन् पैसा बक्कळ. आन् ही म्हणती, मला संशोधन करायचंय. आवं, डॉक्टर म्हंजे डॉक्टर. त्यात संशोधक कुठनं आला? संशोधन तुमच्या शेती खात्यात असतंय."

मला हसू आले, पण आप्पांचा चेहरा पाहून ते आवरले. पोरीच्या शिक्षणापायी त्यांनी म्हैस विकली, एक वर्ष सोसायटीचे कर्ज थकविले, हे मला ठाऊक होते. "रविवारी घरी येतो," असे सांगून मी निघालो. परंतु हा प्रश्न काही आप्पांच्या एकट्याच्या घरचा नाही. आज आपल्या जिल्ह्यात गावोगावची मुले-मुली वैद्यकीय महाविद्यालयात जाऊ लागली आहेत. सहा वर्षांनी प्रत्येकाच्या घरात हा प्रश्न येणार आहे. म्हणून या आठवड्यात ऊस, भात बाजूला ठेवून याच विषयावर चार गोष्टी सांगतो. मी डॉक्टर नव्हे, शेतकीचा पदवीधर आहे. पण संशोधन कशाने फळते आणि कशाने वाळते, हे तीस वर्षे जवळून पाहिले आहे.

संशोधक डॉक्टर म्हणजे कोण?

आपल्या शेतीत एक माणूस संशोधन केंद्रावर नवे वाण तयार करतो आणि दुसरा माझ्यासारखा ते बांधावर येऊन सांगतो. पण काही माणसे अशी असतात, की ती दोन्हीकडे पाय रोवून उभी राहतात. शेतातले पिवळे पडलेले रोप ते स्वतः पाहतात, प्रश्न प्रयोगशाळेत नेतात आणि उत्तर घेऊन पुन्हा त्याच शेतात येतात. संशोधक डॉक्टर हा या जातीचा माणूस.

साधा डॉक्टर विचारतो, "या रोग्याला काय झाले?" हा प्रश्न मोठाच आहे, तो विचारणारे चांगले डॉक्टर गावोगाव हवे आहेत. संशोधक डॉक्टर त्यापुढे आणखी दोन प्रश्न विचारतो. "आमच्याच भागात हे इतक्या लोकांना का होते?" आणि "मी दिलेल्या औषधाने हा बरा झाला, की तो आपोआप बरा होणारच होता?" दुसरा प्रश्न आपल्याला नवा नाही. खत टाकलेल्या वाफ्याशेजारी खत न टाकलेला वाफा ठेवल्याशिवाय आम्ही तुम्हाला खताची शिफारस करीत नाही. वैद्यकातही तोच नियम आहे.

कोल्हापूरची एक जुनी आठवण

आपल्या कोल्हापूरला या गोष्टीची ओळख फार जुनी आहे. आनंदीबाई जोशी यांचे नाव शाळेच्या पुस्तकातून सर्वांना माहीत असते. त्यांचे कोल्हापूरशी काय नाते होते, हे पुष्कळांना माहीत नसते. आनंदीबाईंचा जन्म १८६५ चा. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि दहा दिवसांत बाळ गेले. योग्य उपचार मिळाला नाही. त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर होण्याचे मनात घेतले. १८८३ साली त्या एकट्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला तो हिंदू लोकांमधील प्रसूतिशास्त्रावर. कोल्हापूर संस्थानाने त्यांची नेमणूक आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागावर केली. आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो, ते हेच रुग्णालय. पण त्या परत आल्या त्या आजारी होऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरची जागा तशीच राहिली.

सीपीआरच्या दारातून बाळंतिणीला घेऊन जाताना ही गोष्ट आठवावी. आनंदीबाईंनी शाखा कशी निवडली? कोणती शाखा चालते, हे त्यांनी कोणाला विचारले नाही. आधी प्रश्न आला, आणि त्या प्रश्नाने शाखा दाखविली.

विंचवाचे वेड घेतलेला डॉक्टर

आता आपल्या काळातला माणूस सांगतो. डॉ. हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या देहेड या खेड्यात १९५१ साली गरीब शेतकऱ्याच्या घरी जन्मले. मोलमजुरी करीत शिकले, नागपूरच्या सरकारी महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झाले आणि १९७६ साली कोकणात महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रावर रुजू झाले.

कोकणात लाल विंचू भारी. भाताच्या पेंढ्यात, जांभ्या दगडाच्या फटीत, लाकूडफाट्यात तो दडून बसतो. आपण इंगळी डसली म्हणतो, ते दुखणे रात्रभर ठणकते आणि थांबते. पण हा लाल विंचू वेगळा. दंश झाल्यावर माणसाला उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, आणि काही तासांत छातीत पाणी भरून धडधाकट माणूस किंवा लहान मूल दगावते. पुस्तकात याचा नेमका उपचार नव्हता. लोक मांत्रिकाकडे जात, आणि दवाखान्यात आले तरी डॉक्टरच्या हाती फारसे काही नसे.

दुसरा कोणी असता तर बदलीचा अर्ज केला असता. बावस्करांनी वही घातली. आलेल्या प्रत्येक रोग्याची नोंद: दंश किती वाजता, उलटी केव्हा, नाडी किती, रक्तदाब किती, हातपाय केव्हा गार पडले. रोग्याच्या उशाशी रात्र रात्र बसून हे टिपले. कोणती लक्षणे आधी दिसली म्हणजे पुढे हृदयावर येणार, हे त्यातून उमगले. ही निरीक्षणे १९८२ साली लॅन्सेटमध्ये छापून आली. लॅन्सेट हे लंडनहून १८२३ पासून निघणारे वैद्यकीय साप्ताहिक आहे. जगातले मोठे डॉक्टर त्यात आपले नाव यावे म्हणून धडपडतात. त्यात महाड तालुक्यातल्या आरोग्य केंद्रावरच्या डॉक्टरने लिहिले.

पुढे त्यांनी पुण्याच्या बी.जे. मेडिकल कॉलेजातून मेडिसिनमध्ये एम.डी. केले. येथे शाखेचा मुद्दा पाहा. विंचवाचे विष मज्जातंतूंना चेतवते. त्यामुळे शरीर स्वतःचेच उत्तेजक रस एकदम रक्तात ओतते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर भार येतो. म्हणजे दुखणे विंचवाचे दिसले, तरी प्रश्न हृदय आणि रक्तवाहिन्यांचा होता. तो सोडवायला मेडिसिनचेच शिक्षण हवे होते. त्या शिक्षणाच्या बळावर आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे औषध त्यांनी शोधले. प्राझोसिन हे औषध रक्तदाबासाठी आधीपासून वापरात होते. त्याची साधी, स्वस्त गोळी. ती विंचूदंशात कशी उपयोगी पडते, हे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी १९८६ साली लॅन्सेटमध्येच मांडले. ज्या दंशात पूर्वी शंभरातले तीस-चाळीस रोगी दगावत, तेथे हे प्रमाण एक-दोनांवर आले.

ते तेथेच थांबले नाहीत. विंचवाच्या विषावरची लस आल्यावर त्यांनी महाडमध्येच सत्तर रोग्यांवर रीतसर चाचणी घेतली. निम्म्यांना नुसते प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि लस. लस मिळालेले लवकर बरे झाले. हे काम २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. स्वतःच्या औषधालाच दुसऱ्या वाफ्याशी तोलून पाहायला मोठे मन लागते. भारत सरकारने २०२२ साली त्यांना पद्मश्री दिली.

एवढे मोठे काम झाले ते महाडसारख्या गावात राहून. हाताशी होते रोगी, वही आणि योग्य शाखेचे शिक्षण.

(जाता जाता एक सांगून ठेवतो. विंचूदंशानंतर उलटी, घाम किंवा हातपाय गार पडणे दिसले, तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. तडक आरोग्य केंद्र गाठा. उपचार आहे, उशीर मात्र नको.)

घराघरांत जाऊन केलेला प्रयोग

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय बंग वर्ध्याला वाढले. लहानपणी सायकलवरून जाताना दोघा भावांनी ठरविले, की थोरल्याने शेती सुधारायची आणि धाकट्याने आरोग्य. थोरले अशोक बंग खरोखरच शेतीत गेले, धाकटे डॉक्टर झाले. अभय बंगांनी मेडिसिन घेतले, पत्नी डॉ. राणी बंग यांनी स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्र. दोघांनीही पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९८६ साली गडचिरोलीत येऊन काम मांडले.

राणीताईंची शाखा स्त्रीरोगाची होती, म्हणून बायकांनी त्यांच्याजवळ मन मोकळे केले. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी झाली. शंभरातल्या ९२ स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि पूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम ८. १९८९ साली लॅन्सेटमध्ये हे छापून आले, तेव्हा जगाचे डोळे उघडले. खेड्यातील बाई अंगावर किती काढते, हे आपल्या घरात आपल्याला दिसत असते. पण ते मोजून, आकड्यांत जगापुढे ठेवीपर्यंत कोणी मनावर घेतले नव्हते.

नंतर त्यांनी नवजात बाळांचा प्रश्न घेतला. ३९ गावांत गावातल्याच बाईला शिकवून घरी बाळाची काळजी घेण्याची सोय केली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. हे काम १९९९ साली प्रसिद्ध झाले. आज आशाताई तुमच्या घरी येऊन बाळाचे वजन करते, अंग गार आहे का पाहते, त्यामागे या प्रयोगाचा मोठा वाटा आहे.

प्रयोगशाळेची शाखा काही धाकटी नव्हे

आता कोणी म्हणेल, म्हणजे रोगी तपासणारी शाखाच घ्यावी. तसेही नाही. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी पॅथॉलॉजी घेतली, म्हणजे रोगाने शरीराच्या पेशींत काय बिघाड केला ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची शाखा. मुंबईला १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथे प्रयोगशाळेत बसून त्यांनी कर्करोगावर आणि कुष्ठरोगावर काम केले, आणि आपल्या देशातील कर्करोग संशोधनाचा पाया घातला.

दुसरे, माकडतापाचे घ्या. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने गोचिडीमार्फत पसरणारा त्याचा विषाणू शोधून काढला. २०१६ साली हाच ताप आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग भागात काजूच्या बागांत आला, तेव्हा ते जुने ज्ञान कामी आले. मायक्रोबायोलॉजी घेतलेला डॉक्टर गावात पाटी लावून बसत नाही. पण तापाचे नाव त्यानेच सांगायचे असते.

आणि गोव्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी हातात सुरी धरूनच संशोधन केले. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांसाठी गर्भाशयाच्या मुखाला टाका घालण्याची पद्धत त्यांनी १९५५ साली मांडली. जगभर त्या टाक्याला शिरोडकरांचेच नाव आहे.

मग निवडायचे कसे?

जमीन पाहिल्याशिवाय वाण सांगू नये, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. तसेच येथेही आहे. तरी चार खुणा सांगतो.

पहिली खूण, प्रश्न. इंटर्नशिपच्या वर्षात मुलगा-मुलगी सर्व विभागांतून फिरलेली असते. तिला विचारा, "कोणता रोगी घरी आल्यावरही तुझ्या डोक्यातून गेला नाही?" उत्तर तेथे असते. फवारणी करताना विषबाधा झालेला मजूर डोक्यातून जात नसेल, तर मेडिसिन किंवा औषधशास्त्र. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने शेतकरी-मजूर दगावले, ते आपण विसरलो नाही. पुराच्या चिखलातून आलेला ताप डोक्यात असेल, तर मायक्रोबायोलॉजी. एकाच वाडीतली सगळी मुले अशक्त का, हे सलत असेल, तर बालरोग किंवा सामाजिक वैद्यक. सामाजिक वैद्यकाला पी.एस.एम. म्हणतात आणि पाहुणे नाके मुरडतात. पण गावाची पाहणी कशी करावी, आकडे कसे वाचावेत, हे तीच शाखा शिकविते.

दुसरी खूण, स्वभाव. रात्री दोनला उठून रोग्यापाशी बसण्यात जिला थकवा वाटत नाही, तिने मेडिसिन, बालरोग, प्रसूती याचा विचार करावा. एकाच कामात महिनोन् महिने शांतपणे डोके घालणारीला प्रयोगशाळा मानवते. माणसांशी बोलत गाव फिरणारीला सामाजिक वैद्यक. उसाच्या रानात हरभरा येत नाही असे नाही, पण दोन्हींचे पाणी वेगळे.

तिसरी खूण, वेळ आणि वाटाड्या. रोज शंभर रोगी तपासून जो दमला, तो संशोधन कधी करणार? म्हणून शाखेच्या नावापेक्षा त्या विभागात संशोधनाला वेळ राखून ठेवतात का, आणि हात धरून शिकविणारे गुरुजन आहेत का, हे आधी पाहावे. त्या विभागातून गेल्या काही वर्षांत कोणते काम छापून आले, हे मुलांना वाचनालयात पाहता येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मधुमेहाचा विषय धरला आणि १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा मागोवा घेतला. आपली बाळे दिसायला बारीक, पण अंगात चरबी जास्त, आणि पुढच्या मधुमेहाचे मूळ तेथे असते, हे त्यातून पुढे आले. पालेभाजी, दूध आणि फळे जास्त खाणाऱ्या मातांची बाळे चांगली भरली, हेही दिसले. ती बाळे आज तरुण झाली आहेत आणि त्यांचा अभ्यास होत राहिला. अशा ठिकाणी एखाद्या नव्या डॉक्टरला शिकायला मिळाले, तर त्याचे कल्याण आहे.

चौथी खूण, पैसा आणि धीर. हे झाकून ठेवू नये. एम.बी.बी.एस. साडेपाच वर्षे, एम.डी. तीन वर्षे. पुढे हृदय, मूत्रपिंड असा एकच विषय धरायचा, तर आणखी तीन. पीएच.डी. करायची, तर तिची वेगळी. वय तिशीच्या पुढे जाते. सरकारी महाविद्यालयात एम.डी. करताना विद्यावेतन मिळते, घरचा भार उतरतो, परंतु बंगला लगेच उभा राहत नाही. आपला को ८६०३२ ऊस आठवा. नावातले ८६ हे निवडीचे वर्ष, आणि आपल्याकडे शिफारस झाली १९९६ साली. दहा वर्षे कोणीतरी धीर धरला, म्हणून आज आपण तो लावतो.

आणि त्वचारोग किंवा रेडिओलॉजी वाईट आहे, असे मी म्हणत नाही. कुष्ठरोग हा त्वचारोगाच्याच शाखेत येतो. कर्करोग लवकर ओळखायला रेडिओलॉजीच लागते. तेथेही संशोधनाला रान मोकळे आहे. फक्त "रातचं उठायला लागत न्हाई" या एकाच कारणाने जो शाखा घेतो, त्याच्याबरोबर प्रश्न येत नाही. आणि प्रश्न नसला, की संशोधन नाही.

शिकत असतानाच चव घेण्याचीही सोय आहे. एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांचे छोटे संशोधन करण्यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद अनेक वर्षे शिष्यवृत्ती देत आली आहे. ज्यांची मुले अजून शिकत आहेत, त्यांनी महाविद्यालयात चौकशी करायला सांगावी. एम.डी.ला प्रबंध लिहावाच लागतो. पुष्कळ जण तो जुन्यावरून उतरवून मोकळे होतात. ज्याला संशोधक व्हायचे आहे, त्याने तो खरा करावा. तेच पहिले पीक.

माझी एक चूक

आप्पांना सल्ला द्यायला निघालो खरा, पण मन खात होते. माझ्या थोरल्या भावाचा मुलगा डॉक्टर झाला, तेव्हा घरात मीच शिकलेला, म्हणून माझा शब्द चालला. त्याला मायक्रोबायोलॉजी घ्यायची होती. आमच्याकडे भात रोवणीच्या दिवसांत चिखलात काम करणाऱ्या बायकांना ताप येई, डोळे पिवळे होत. त्याची स्वतःची चुलती त्यात गेली. तो ताप उंदराच्या मुतातून पाण्यात येतो, त्याला लेप्टो म्हणतात, हे त्यानेच मला पहिल्यांदा सांगितले. "काका, आपल्या भागातल्या किती जणांना होतो, ते मला शोधायचं आहे," असे तो म्हणायचा. मी म्हणालो, "बाबा रे, त्या शाखेत दवाखाना घालता येत नाही. घराकडे बघ." त्याने ऐकले. आज त्याचे रुग्णालय आहे, गाडी आहे, घराचे कर्ज फिटले आहे. तो मला कधी काही बोलला नाही. पण गेल्या पावसाळ्यात सहज म्हणाला, "काका, अजून कोणी मोजलं नाही बघा."

मी त्याला वाईट माणूस केले नाही, पण त्याचा प्रश्न मी मारला. इतकी वर्षे शेतकऱ्यांना "तुमच्या जमिनीचे ऐका" म्हणून सांगत आलो, आणि घरच्या पोराचे ऐकले नाही.

रविवारी काय झाले?

आप्पांच्या घरी गेलो. सोप्यात आप्पा, त्यांच्या मातोश्री आणि ती मुलगी. मी सल्ला दिलाच नाही. तिला एवढेच विचारले, "कोणता रोगी डोक्यातून जात नाही?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, ऊसतोड करणारी एक बाई होती. सहाव्या महिन्यात ट्रॅक्टरवरून आली. रक्त इतकं कमी, की माझा विश्वासच बसेना. आम्ही रक्त भरलं, ती वाचली, बाळ नाही वाचलं. तिसऱ्या दिवशी ती फडात परत गेली. तेव्हापासून मला वाटतं, की अशा किती असतील? त्यांच्या टोळ्या या गावातून त्या गावात जातात, त्यांची नोंद कुठेच नीट नाही. प्रसूतिशास्त्र घेऊ, की सामाजिक वैद्यक, एवढंच मला कळत नाही."

आप्पा तिच्याकडे पाहत राहिले. हे त्यांनी कधी ऐकलेच नव्हते. कोणी विचारलेच नव्हते. आजी पदराने डोळे पुसत म्हणाली, "माझी बी दोन अशीच गेली गं."

तेव्हा एक मार्ग सुचला. सरकारी महाविद्यालयात शिकलेल्यांना आपल्या राज्यात एक वर्ष बंधपत्राची सेवा करावीच लागते. पुष्कळ जण तिला शिक्षा समजतात. मी म्हणालो, "ताई, परीक्षेचा अभ्यास चालू ठेव, पण हे वर्ष साखर कारखान्याच्या पट्ट्यातल्या आरोग्य केंद्रावर मिळतं का बघ. पहिल्या दिवसापासून वही घाल. टोळी कुठली, महिना कितवा, रक्त किती, परत आली का, हे सगळं लिही. वरिष्ठांची परवानगी घेऊन रीतसर कर. वर्षाच्या शेवटी वही उघड. रोग्याला हात लावल्याशिवाय तुझं उत्तर निघत नसेल, तर प्रसूतिशास्त्र घे. शंभर गावांचे आकडे जमवल्याशिवाय निघत नसेल, तर सामाजिक वैद्यक. तुझी वहीच सांगेल."

आप्पांनी सुपारी कातरत विचारले, "आन् पैशाचं, सायेब?"

"आप्पा, दोन्ही शाखांत ती उपाशी राहणार नाही. पावण्यांच्या पोरीएवढी मोठी गाडी कदाचित उशिरा येईल. ते तुम्हाला चालतं का, ते तुम्ही ठरवा. तिला नका विचारू, ती तुमच्याकडे बघून हो म्हणेल."

आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग मुलीकडे न पाहताच म्हणाले, "म्हस ईकली ती गाडीसाठी न्हवं. लिही तुझी वही."

आजीने चहा टाकला. निघताना त्या मुलीने दोनशे पानी वही दाखविली, आदल्या दिवशीच बाजारातून आणलेली. अजून कोरी होती.

वाचकहो, तुमच्या घरात असा डॉक्टर मुलगा किंवा मुलगी असेल, तर पाहुण्यांना शाखा विचारण्याआधी त्यांना हा एक प्रश्न विचारा, आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका. काही अडले तर पत्र टाका.

पुढील आठवड्यात आडसाली उसासाठी बेणे कसे निवडावे, ते पाहू. भुंगेरे मात्र आजच रात्री गोळा करा, त्यांना थांबायला वेळ नाही.